डाळिंबाचा शिक्का

"डोळा फसतो, जीभ विकली जाते, नाक तेवढं इमानी."

हे सखीदाद काकाचं वाक्य. चहाचा पेला ओठाला लावण्याआधी तो ते म्हणायचा, नान मोडताना म्हणायचा, दुसऱ्याच्या सुनेचं कौतुक चाललं असलं तरी मध्येच म्हणायचा. शोरआब गावातली पोरं आईच्या नावानंतर हेच बोलायला शिकतात, असं लोक थट्टेनं म्हणत. काका ती थट्टा मान ताठ ठेवून ऐकत असे, कारण ती खरीच होती.

शोरआबचं गांजाचं झाड बुटकं. माणसाच्या कमरेवर कधी गेलं नाही. पान रुंद, बदकाच्या पंजासारखं पसरलेलं, आणि अंग असं गच्च भरलेलं की शेपटाला चरबी धरलेली मेंढीच शेतात बसली आहे असं वाटावं. वसंतातला नवरोज झाला की पेरायचं, भर उन्हाळ्यात सगळ्या गावानं ओळीनं चालून नर झाडं उपटायची, आणि पहिल्या थंडीनं पानांना जांभळी कड आली की कापायचं. एक नर मागे राहिला तर सबंध पट्टा बियांनी भरतो आणि राळ धरत नाही. काका नर झाड दहा पावलांवरून ओळखायचा. उपटून बांधावर फेकताना त्यावर थुंकायचासुद्धा.

थुंकणं त्याच्या स्वभावातच होतं. ज्या झाडावर त्याचं पोट होतं त्या झाडाची त्याला शिसारी होती. हातांना चिकटणारा तो डिंक, दाढीत अडकणारी ती भुकटी, ओल्या बकऱ्याच्या कातड्यासारखा आणि वर कापूर चोळल्यासारखा तो वास. आयुष्यात त्यानं कधी चिलीम तोंडाला लावली नव्हती. लावायची गरजही नव्हती. समोर ऐवज होता.

ऐवज हा त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं तो चरस ओढून चहाखान्यासमोरच्या तुतीखाली बसलेला. शोरआबचा माल माणसाला नाचवत नाही. तो आधी पापण्या धरतो, मग गुडघे. मग अशी भूक लावतो की माणूस शिळं, आंबलेलं, जमिनीवर पडलेलं काहीही चावत बसतो. मग ओल्या पोत्यासारखा अंगात पसरून राहतो. ऐवजच्या ओठावर माशी बसली की ती हाकलायचा विचार त्याच्या डोक्यातून निघायचा, पण हातापर्यंत पोचायच्या आत माशीच कंटाळून उडून जायची. काका रोज त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा आणि पुसताना स्वतःचं तोंड फिरवायचा.

"एवढी किळस येते तर करता कशाला?" त्याची बायको शीरमाह विचारायची.

"बापानं हेच शिकवलं. पण ऐक, विष द्यायचं तर निवडून द्यावं. खडे मिसळून विष देणारा दुप्पट पापी."

म्हणून तर तो शिक्का. तुतीच्या लाकडात कोरलेलं डाळिंब, काकाच्या बापाच्या हातचं. हिवाळ्यात, हाडं वाजतील अशा थंडीत, बंद मातीच्या खोलीत वाळलेली झाडं रेशमी कापडावर हलक्या हातानं बडवायची. थंडीत भुकटी कोरडी पडते, रेशमातून पिठासारखी झरते. पहिल्या चाळणीची ती भुकटी काका चिमटीत घेई, नाकाशी धरी आणि डोळे मिटे. खोलीत कुणी श्वास घेत नसे. मग तो "हं" म्हणे, किंवा काही न बोलता हात झटकून बाहेर जाई. "हं" म्हटलं तरच भुकटी शेगडीच्या उबेवर, हिरव्या चहाचे थेंब शिंपडून तो स्वतः मळायचा आणि वड्यांवर डाळिंब उठवायचा. डाळिंब असलेली वडी कुणी पुन्हा तपासत नसे, खुद्द दौलतबाय व्यापारीसुद्धा नाही.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून मात्र काकाचं नाक मेलं होतं.

कसं मेलं ते त्यालाही कळलं नाही. चाळीस वर्षांची भुकटी आत साचली म्हणा. एका सकाळी त्यानं चिमूट नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही, जणू कुणी भिंतीला नाक लावलं. तो घाबरला. आणि घाबरून त्यानं "हं" म्हटलं. पुढं रंगावर, स्पर्शावर आणि अंदाजावर काम रेटलं. शीरमाहला संशय आला तो दुधावरून. दूध करपून घरभर वास सुटलेला आणि काका शेजारीच बसून म्हणतो, "आज दूध घट्ट झालंय." ती भांडं वाळूनं घासत बसली.

यंदा कालव्याला पाणी उशिरा आलं. झाडं खुरटली, भुकटी थोडी पडली. चाळणीचं काम होतं रजबकडं. रजब म्हणजे ऐवजचा मुलगा. बाप तुतीखाली बसला तेव्हापासून काकानंच त्याला वाढवलं, चाळायला शिकवलं. आता तो पंचविशीचा गडी, मिशा पिळणारा. त्यानं भुकटीची परात पुढं ठेवली.

"काका, वास घ्या."

काकानं चिमूट उचलली. रंग जरा हिरवट वाटला, पण खुरट्या झाडाचा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नाकाशी धरली. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली, म्हणजे कुणाला शंका नको.

"हं."

दुपारभर तो मळत राहिला. बारा वड्यांवर डाळिंब उठलं. मग जवसाच्या तेलानं आणि राखेनं त्यानं हात घासून काढले, नेहमीसारखे.

सकाळी तो नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसला. पाणी ओंजळीत घेतलं आणि तसाच थांबला. दोन्ही तळवे केशरी होते. बोटांची पेरं, नखांच्या कडा, सगळं नवरीच्या हातासारखं रंगलेलं.

शीरमाह नान घेऊन आली आणि तिनं पाहिलं.

"अहो, या वयात मेंदी?"

काकाला आधी हसूच आलं. मग त्यानं तळवे पुन्हा निरखले. मळताना चहाच्या पाण्यानं रंग सोडला होता. पहिली चाळणी म्हणून त्यानं जिच्या वड्यांवर बापाचं डाळिंब उठवलं ती परात अर्धी मेंदीनं भरलेली होती. मेंदीचा वास! आंधळ्या म्हातारीलासुद्धा लग्नघर त्या वासानं सापडतं.

तो तसाच ओल्या हातांनी रजबच्या दारात गेला.

रजबनं हात पाहिले आणि मिशीत हसला. "कधी आहे बारात, काका? आम्हाला बोलावणं नाही?"

"तू मिसळलीस."

"मिसळली. परात भरत नव्हती. पण वास कुणी घेतला? मी की तुम्ही?"

काकानं ओले हात सदऱ्याला पुसले, पण रंग निघेना.

"मला गेल्या वर्षीच कळलं होतं," रजब आवाज खाली आणून म्हणाला. "मी शेणाच्या गोवरीची राख टाकून पाहिली. तुम्ही 'हं' म्हणालात. मी कुणाला सांगितलं का? घरचीच अब्रू आहे. तुम्ही 'हं' म्हणत राहा, शिक्का उठवत राहा. तुमचंही नाव राहील, माझीही चूल."

राख. गेल्या वर्षी. काकाला आपल्याच हातांची, आपल्याच मिटलेल्या डोळ्यांची अशी किळस आली की तो भिंतीला धरून ओकला. रजबनं पाण्याचा लोटा पुढं केला. काकानं तो घेतला नाही.

दौलतबाय शुक्रवारच्या नमाजानंतर आला. चहाखान्यात गाव जमलं होतं. चहाच्या पाण्याचा समोवार उकळत होता, त्याच्या मधल्या नळीत कोळसे लाल होते. बारा वड्या चादरीवर मांडलेल्या. दौलतबायनं एकीलाही हात न लावता मान हलवली.

"शिक्का आहे ना? मग झालं."

काका उभा राहिला आणि त्यानं दोन्ही तळवे सगळ्यांपुढं उघडले. आधी कुणाला समजलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, काकाचा निकाह!" आणि हशा पिकला.

"हसा," काका म्हणाला. "या वड्यांत मेंदी आहे. गेल्या वर्षीच्यात राख होती. माझं नाक दोन वर्षांपूर्वी मेलं. मी ते लपवलं आणि खोटं 'हं' म्हणत राहिलो."

हशा विरला. रजब जमिनीकडं पाहू लागला. रजबचं नाव काकानं घेतलं नाही.

दौलतबायनं चहाचा घोट घेतला, साखरेचा खडा दाढेत सरकवला. तो रागावला नव्हता. तेच काकाला सर्वांत भयंकर वाटलं.

"सखीदाद काका, बसा," तो मायेनं म्हणाला. "राख होती ते मला ठाऊक आहे. शहरात कोण वास घेतो? ते डाळिंब बघतात. मेंदी घाला, माती घाला. तुम्ही थकला असाल तर आराम करा. शिक्का तेवढा पोराकडं देऊन ठेवा."

गावानं काकाकडं पाहिलं. काही माना तर दौलतबायच्या बाजूनंच हलत होत्या. काकानं त्या माना एकेक पाहिल्या. चाळीस वर्षं ज्या 'हं'साठी या माणसांनी श्वास धरून ठेवला होता, तो कुणाला हवा होता?

त्यानं कमरेच्या फडक्यातून शिक्का काढला. डाळिंबाच्या दाण्यांवरून एकदा अंगठा फिरवला. आणि समोवारच्या नळीचं झाकण बाजूला करून तो कोळशांत टाकला.

"काका!" रजब धावला. त्यानं चिमटा शोधला, बोटं घातली, भाजून मागं घेतली. तुतीचं वाळलेलं लाकूड, डिंक प्यालेलं. भडकन पेटलं. चहाखानाभर धूर झाला, लोक खोकत, नाक धरत बाहेर पळाले. काका एकटाच त्या धुरात निवांत उभा होता. त्याला कसलाच वास येत नव्हता.

बाहेर येऊन त्यानं ओलं फडकं मागून घेतलं, तुतीखाली वाकला आणि ऐवजचं तोंड पुसलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. मग पुलापलीकडच्या बहिणीच्या टरबुजांच्या वाडीकडं जाणारी कालव्याची वाट त्यानं धरली. शीरमाह दाराला कडी लावून गाठोडं घेऊन मागून निघाली होती. तिची वाट पाहायला तो थांबला नाही, पण त्यानं पावलं आखूड टाकली.

चहाखान्याच्या दारात गाव डोळे चोळत उभं होतं आणि आत रजब भाजलेल्या बोटांनी राख उपसत होता. काका पुलावर चढेपर्यंत पाहत राहिला तो एकटा ऐवज. त्याचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला, आणि तिथंच राहिला.