पाहुण्यांना बसायला खोली

माझा स्वभाव संशयी आहे, हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते. आरोग्यविम्याच्या कंपनीत मी वर्षानुवर्षं क्लेम तपासले. चक्कर येऊन पडलेला माणूस खरंच चक्कर येऊन पडला का, असा विचार करायचा मला पगार मिळायचा. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. भाजीवाला "ताजी आहे, मावशी" म्हणाला तरी मी भेंडीचं टोक मोडून बघते.

निवृत्तीनंतर अंधेरीत मी आर्थिक सल्लागारांचे वर्ग घ्यायला लागले. म्युच्युअल फंड आणि ठेवी विकून तयार झालेली ही मंडळी. आता त्यांना आरोग्यविमाही विकायचा होता. पॉलिसीत नेमकं काय मिळतं असं विचारलं, की "सगळं कव्हर आहे" एवढंच त्यांना यायचं. 'सगळं' या शब्दाला मी वर्गात बंदीच घातली होती.

सगळ्यात जास्त डोकेफोड व्हायची ती खोलीभाड्यावर. पुष्कळ पॉलिसींत भाड्याला मर्यादा असते. त्याहून महाग खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक खिशातून जातो, असं लोक समजतात. तसं नसतं. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. आणि आपल्याकडे महाग खोली पेशंटसाठी घेतात कुठे? ती घेतात भेटायला येणाऱ्यांसाठी. विरारचे काका, चाळीतले जुने शेजारी, व्याही, सगळे शहाळी घेऊन येणार. ते बसणार कुठे?

एका दुपारी वर्ग सुटल्यावर घाटकोपरच्या एका सल्लागार बाईनं मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, ऑपरेशनच्या आधी खोली बदलली तर वाचतो ना आपण?"

"कुणाचं ऑपरेशन?"

"सासूबाईंचं. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय. सकाळीच मुलुंडला ॲडमिट केलंय, उद्या ऑपरेशन. मोठ्या दिरांनी सेपरेट रूम घेतलीय. पॉलिसी मीच काढलेली. तुम्ही नुसतं येऊन सांगा ना. माझं घरात कुणी ऐकत नाही."

सासू हॉस्पिटलात आणि ही वर्गात? माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला माझ्याकडून जुन्या ऑफिसात फोन करवून घ्यायचा असणार. नाहीतर पॉलिसी काढताना काहीतरी दडवलं असणार. रिक्षात बसल्या बसल्या मी उलटतपासणी सुरू केली. बीपी आहे? आहे. साखर? आहे. "गोळी चालू आहे म्हणजे आजार नाही" असं म्हणून लिहायचं टाळलं नाहीस ना? नाही, दोन्ही लिहिलंय. उत्तरं इतकी सरळ येत होती, की माझा संशय आणखी वाढला.

खोली ऐसपैस होती. सोफ्यावर चौघं, खिडकीच्या कट्ट्यावर दोघं, टीव्ही चालू. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी माझी ओळख सांगून कात्रीचा हिशेब समजावला. दोन खाटांची खोली पॉलिसीच्या मर्यादेत बसत होती आणि ती रिकामी होती.

थोरल्या दिरांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. क्लेमच्या कागदांकडे मी जसं बघायचे, अगदी तसंच.

"तुम्ही कंपनीच्याच ना? मग कंपनीचे पैसे वाचवायलाच आलात."

"अहो, उलट आहे!" मी भडकलेच. "इथे राहिलात तर कंपनीचे वाचतील, तुमचे जातील."

"पॉलिसी हिनंच काढली, कमिशन हिनंच खाल्लं. आणि आता आईला परक्या पेशंटशेजारी झोपवायला सांगते. लोक येतील, काय म्हणतील?"

"शिवाय मोडलेल्या हाडावर हलवायचं?" कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं.

हलवायचं म्हणजे दुखणार, हे खरंच होतं. मी सुनेकडे पाहिलं. एवढा वेळ ती दाराला टेकून उभी होती.

"भावोजी, नंतर घरी रोज फिजिओवाला लागणार," ती म्हणाली. "आपली पॉलिसी तो खर्च देत नाही. सगळा पैसा या खोलीत घातला, तर त्याला कुठून देणार? व्यायाम नाही झाला तर आई परत चालायच्या नाहीत. मला तेवढंच दिसतंय."

टीव्हीवर जाहिरात चालू होती. थोरले दीर तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाईंनी डोळे उघडले. त्या सगळं ऐकत होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. सुनेला म्हणाल्या, "तू सांगतंस ता खरा मां?"

"हो, आई."

"मगे माका हलवा."

एवढंच? मी थक्क झाले. ना कागद मागितला, ना दुसऱ्या कुणाला विचारलं.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. चादरीसकट उचलताना म्हातारी इतकी कळवळली, की सोफ्यावरची मंडळी उठून बाहेर गेली. थोरले दीर तेवढे थांबले, आणि त्यांनी चादरीचं एक टोक धरलं. सासूबाई ओरडत होत्या, सुनेचं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही. मी पर्स घेऊन भिंतीला चिकटून उभी होते. सुनेच्या एका शब्दावर विश्वास टाकणाऱ्या त्या म्हातारीचा मला मनापासून हेवा वाटला.