नलूमावशींची पंगत आणि भरतीचं पाणी

नलूमावशी जेवायला बसल्या की ग्रिनिचचं घड्याळ थांबायचं. वाढवून सांगत नाही. त्यांच्या पहिल्या घासाला पेरलेली कोथिंबीर ताकापर्यंत धणे धरायची. आणि शेवटच्या माणसाचं ताक पिऊन होईपर्यंत पानावरून कुणी उठायचं नाही, हा त्यांचा कायदा. "पंगत मोडली की माणसं मोडतात," म्हणायच्या. शेवटचं माणूस अर्थात त्याच.

काकांच्या मागे लंडनच्या ईलिंगला एकट्या राहणाऱ्या मावशी आठवडाभर आमच्याकडे न्यूकॅसलला आल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना बेटावरची जुनी ॲबी, म्हणजे एक पडका मठ, दाखवायला नेलं. बेटाचा रस्ता भरतीला समुद्राखाली जातो. परतायची वेळ पाटीवर ठळक लिहिलेली. पडक्या कमानीखाली चादर अंथरून मावशींनी दशम्या, बटाट्याची भाजी, दहीभात असं सगळं मांडलं. मी दोनदा घड्याळ दाखवलं. पानावर बसून घड्याळ बघितलं की अन्न अंगी लागत नाही, म्हणाल्या आणि आणखी भात वाढून घेतला. उठायची माझी छाती नव्हती. माझ्या बायकोची, मानसीची तर नाहीच. ती त्यांची सख्खी भाची.

निघालो तेव्हा रस्ता नुसता ओला होता. मध्यावर पाणी चाकांना लागलं, मग दारांना, आणि गाडी बंद पडली. पार्ट्यांमध्ये मी ज्या लाटा सांगतो त्या ताडाएवढ्या असतात. खरं पाणी गुडघाभरच होतं, पण आवाज न करता चढत होतं. अडकलेल्यांसाठी रस्त्यालगत खांबांवर एक लाकडी खोली बांधलेली आहे. गाडी सोडून तिच्या जिन्याशी पोचेपर्यंत पाणी कमरेला आलं. तिसऱ्या पायरीवर मावशींचे गुडघे अडले.

"तुम्ही दोघं जा वर. माझं झालंय सगळं," त्या शांतपणे म्हणाल्या.

मानसी रडत वरून ओढत होती, मी खालून खांदा लावला होता. देवाचं नाव घेतलं असं मी सांगतो. प्रत्यक्षात तोंडातून शब्दच फुटत नव्हता. कशा चढल्या, त्यांनाच ठाऊक.

वर पोचल्यावर मानसीनं मदतीसाठी फोन केला. खाली फळ्यांवर पाणी आपटत होतं. मावशींचे दात वाजत होते. एकदम म्हणाल्या, "मुद्दाम हळू जेवले गं. वाटलं, रस्ता बुडाला की आजची रात्र बेटावरच राहू. उद्या घरी जाऊन आपणच कुलूप उघडायचं, आपणच आत शिरायचं..."

"मग राहते म्हणायचं ना, मावशी," मानसी म्हणाली.

"मागून घेतलेला मुक्काम गोड लागत नाही."

 मानसी त्यांची गारठलेली पावलं मांडीवर घेऊन चोळत बसली.

अंधार पडायच्या आत बोट आली. नारिंगी कपड्यांतला माणूस मावशींना हात देत म्हणाला, "टेक युअर टाइम, लव्ह." कुणाला सांगतोय, त्याला काय कल्पना!

दुसऱ्या दिवशीची लंडनची ट्रेन मावशींशिवाय सुटली. पुढच्या हिवाळ्यात त्या देवाघरी गेल्या, त्या आमच्याच घरातून. तोवर किती दिवस राहणार, हे मानसीनं कधी विचारलं नाही. आणि राहू का, हे त्यांनीही.