नवव्या दिवसाचा निरोप

शिकागोतल्या त्या मेक्सिकन वस्तीत कुणी गेलं की क्रिसांताबाईंना बोलावणं जायचं. दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री, आणि संध्याकाळी मयताच्या घरी नऊ दिवस जपमाळ. अशी तीस वर्षं गेली. बाईंना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची भारी हौस, आणि ती त्या लपवतही नसत. इथं जन्मलेल्या पोरांच्या तोंडात स्पॅनिश किती उरलंय, हे चाचपून पाहिल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे.

निकानोर आचारी गेला तेव्हा त्याची एकुलती एक मुलगी यादिरा आठ संध्याकाळी मिठाची गुळणी धरून बसली. सगळे जपाला ओ देत, ही गप्प. बाईंना चैन पडेना. नवव्या दिवशी जमिनीवर रेखलेला चुन्याचा क्रूस उचलायचा होता. चार टोकं चौघांनी उचलायची आणि मधला भाग पोटच्या पोरानं, आपल्या शब्दांत निरोप देऊन. तो निरोप मिळाल्याशिवाय जीव घर सोडत नाही, असं निकानोरच्या गावात मानतात.

"मी नाही," यादिरा म्हणाली. "काकाला सांगा. मी बोलले की चुलत भावंडं फिदीफिदी हसतात."

"मग इंग्रजीत बोल."

"पप्पांना कुठं येत होतं इंग्रजी?"

बाईंनी कान टवकारले. "अगं, मग तुम्ही दोघं बोलत कसे होतात? हातवारे करून?"

"स्पॅनिशच बोलायचो. पण ते आपलं घरातलं. देवापुढं बोलण्यासारखं नाही."

"देवाचं मी बघते. तू घरातलं बोल."

चारी टोकं उचलून झाली. यादिरा गुडघ्यांवर बसली, उरलेला चुना ओंजळीत घेतला आणि तशीच थिजली. काका पुढं सरसावला. बाईंनी त्याला डोळ्यांनीच मागं सारलं. मग पोरीनं तोंड उघडलं. थेट बापाच्या गावचा हेल, आणि कुठं अडखळणं नाही.

"ऊठ, ऐदोबा! ऊन ढुंगणावर आलं! शाळा काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

खोलीत कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. भावंडं हसली नाहीत. त्यांच्याही घरी सकाळ अशीच व्हायची. काका भिंतीकडं तोंड करून ओक्साबोक्शी रडू लागला.

क्रिसांताबाईंनी जपमाळ पर्समध्ये टाकली आणि यादिराच्या डोक्यावर हात ठेवला.

"गेला गं," त्या म्हणाल्या. "असं उठवल्यावर कोण थांबतंय?"