पुण्यवान हाडं

आमच्या घरच्या बायांची हाडं जळल्यावर उरत नाहीत. मायच्या वेळी मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दिघोरीला नाल्याकाठी राख सावडायला गेलो, तर मांडीचं हाड म्हणून जे उचललं, त्याचा बोटांतच पापडासारखा चुरा झाला. काकीने लगेच हात जोडले. "पुण्याची काया होती बापा! हाड नाई ठेवलं मांगं." आजीचं असंच झालं होतं, आत्याचंही. गावात आमच्या बायांचं नाव निघायचं त्यावरून. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला. पण तो हलका, कोमट चुरा तळहातावरून जाईना. कितीदा हात धुतला तरी तो तिथेच असल्यासारखा वाटायचा.

मग माझी मोठी बहीण, जिला मी बाई म्हणते, आखूड व्हायला लागली.

ती सानगडीला दिलेली. जन्मभर धानाच्या रोवणीला वाकलेली बाई, वाकली म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. पण प्रत्येक भेटीत ती थोडी कमी दिसायची. आधी माझ्या बरोबरीची होती, मग भुवईपर्यंत आली, मग कानापर्यंत. "लुगडं पायात येऊन राहिलं वं," म्हणायची. फळीवरचा डबा हाताला लागेना तेव्हा सुनेवर खेकसली, "फळी कोनं वर ठोकली?" फळी जागच्या जागीच होती. सून बिचारी माझ्याकडे पाहत राहिली. मला त्या घरात बसवेना.

एक दिवस बाई शिंकली आणि पाठ धरून खालीच बसली. तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच भंडाऱ्याला नेलं, हाडांच्या तपासणीला.

टोचणं नाही, कापणं नाही. तिला टेबलावर निजवलं आणि यंत्राचा एक हात तिच्या अंगावरून सावकाश सरकू लागला. मी पडद्यासमोर उभी होते. खालून एकेक रेघ उमटत गेली. कंबर आली, मग मणके, मग फासळ्यांची टोकं. मांस नाही, लुगडं नाही. बाई तिकडे डोळे मिटून पडलेली आणि इकडे कोणीतरी राखेतून वर येत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती मायच वाटली मला.

डॉक्टरांनी कागद समोर धरला. "जवान, धडधाकट माणसाच्या हाडाशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे एकच्या वर असला तर ठीक. उणे अडीच किंवा त्याच्याही खाली गेला, तर हाड ठिसूळ. मावशींचा उणे साडेतीन आहे. तीन-चार मणके तर दबलेसुद्धा, म्हणून पाठ वाकली, उंची कमी झाली. घरात आधी कोणाला असं?"

मी हाडांच्या चुऱ्याचं सांगितलं, सवयीने थोडं मिरवतच.

"ते पुण्य नव्हतं हो. हाडं आतून पोकळ झाली असतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दुखण्याला हात जोडत आलो होतो!

डॉक्टर सांगत होते. इंजेक्शन, कॅल्शियम, सकाळच्या उन्हात चालणं. दातांना नस, म्हणजे तंबाखूची पूड, लावणं बंद. वाकून ओझं उचलायचं नाही, ओल्या फरशीवर जपून.

"मले काहीच नोको," बाई म्हणाली. "माय गेली तशीच मी जाईन."

"माय कशी गेली मालूम हाय ना तुले?" मी ओरडलेच. "खुबा मोडून खाटेवर सडली!"

"मालूम हाय. मीच पाडली तिले."



तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मायला धरून अंगणात नेत होती आणि माय हातातून सुटली. "तिचं हाड माह्यापाई मोडलं. आता माहं मोडू दे."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, आठवून सांगा. आधी काय झालं?"

बाईने डोळे मिटले. ती पुन्हा त्या अंगणात गेलेली दिसत होती.

"उभीच होती. माह्याकडं वळली. वाळली काडी मोडावं तसा आवाज आला. मंग तिचा सारा भार माह्या हातावर आला, अन् सुटली."

"मग हाड आधी मोडलं असणार. इतकं ठिसूळ हाड नुसतं वळल्यानंही मोडतं आणि त्यामुळे माणूस पडतो. तुम्ही नाही पाडलं."

"आखीन एकडाव सांगा जी."

त्यांनी पुन्हा सांगितलं.  बाईने माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी स्वतः घेतली. "चाल. दवाई कोठी भेटते?"

उठताना तिने माझा हात धरला आणि दाराकडे वळली. मी तिला घट्ट धरलं, श्वास रोखला आणि तिच्या खुब्याकडे कान लावून उभी राहिले.