गड्याचा रोजगार

माझ्या धाकट्या जावंएवढी उलट बोलणारी बाई कसबा बावड्याच्या शिवारात दुसरी झाली न्हाय, आनि तिच्याएवढं काम वढणारी बी न्हाय. पंचवीस-तीस वर्सं झाली असतील. खताचं पोतं गड्याच्या आदी उचलून बांधावर टाकायची आनि वर इचारायची, "मालक, बाईनं उचललं म्हणून पोतं हलकं झालं काय?" कारण आमास्नी गड्याच्या निम्माच रोजगार मिळायचा. बाकीच्या बाया गप घ्यायच्या. ही बाजाराच्या दिवशी, रोजगार वाटताना, पदर खोचून गड्यांच्यात जाऊन उभी ऱ्हायची, मालक हसत हसत हाकलायचा. गडी तंबाखू मळाय बसलं की ही बी खुरपं टाकून बसायची, आनि तंबाखू नसताना नुसता तळहात चोळायची.

तवा गुऱ्हाळावर माझ्या दिराची, म्हंजे हिच्या नवऱ्याची, कंबर धरली आनि त्यो घरात बसला. बसला म्हंजे, भाकरी थापाय लागला. त्याची भाकरी आमच्यापरास फुगायची. दुपारी डोक्यावर भाकरीची बुट्टी घिऊन शिवारात आला की पोरं शिट्ट्या मारायची. ही म्हणायची, "हसा की. तुमच्या घरात हाय का असला?"

एकदा ही तापानं पडली. तिच्या जागी दीर भांगलाय आला. खुरपं धराय येत न्हवतं, गवताबरुबर भुईमूग बी उपटला. तरी बाजारादिवशी मालकानं त्याच्या हातावर गड्याचा रोजगार ठेवला. त्यानं तो हिच्या म्होरं ठेवला. मालक चुकला असंल, म्हणाली. न्हाय चुकला, मी सांगितलं. मग तिनं पैसं दोनदा मोजलं.

"उद्यापासनं तुमीच जावा," नवऱ्याला म्हणाली. "मी भाकरी करतो."

"मला जमतंय व्हय ते?"

"न जमता दुप्पट मिळतंय न्हवं."

तवापासनं ती घरात ऱ्हायली. भाकरी करपायच्या, आनि बोलणं बी आटत गेलं. भांगलताना एकेकानं एकेक सरी धरायची, तिला आमी पात म्हंतो. दिराची पात कमरंपायी रोज निम्म्यात मागं पडायची. माझी उरकली की मी माघारी फिरून त्याची वढायची, बाईच्या रोजगारावर. सांजच्याला त्यांच्या दारावरनं जाताना ती इचारायची, "आक्का, ह्यांची पात निघाली का?"

"निघाली की," मी म्हणायची.

खरं सांगितलं असतं तर त्याच पावली खुरपं घिऊन ती त्याच्या जागी शिवारात आली असती, आनि घरात परत निम्मंच आलं असतं.