रॅपच्या दोनशे प्रती

अमेरिकेत अटलांटाजवळ अल्फारेटाला असताना आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये वीस वर्षांचा एक रॅपर राहायचा. दिवसा टायरच्या दुकानात काम, संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर बोटांनी ताल धरून रॅप. पांढरा टीशर्ट गुडघ्यापर्यंत, टोपीवर दुकानाचं स्टिकर तसंच. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "तुमचं लेबल काढायचं राहिलंय."

"भावा, ते काढलं की टोपी जुनी होते," तो म्हणाला. मी माफी मागितली.

त्याचे माझ्यावर उपकार आहेत. मला गाडी चालवायला त्यानं शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण हायवेवर गाडी घालताना पदवी उपयोगी पडत नाही. त्यामुळे एकदा तो जिन्यात डोकं धरून बसलेला दिसला, तेव्हा मी चौकशी केली. अटलांटातली एक छोटी रेकॉर्ड कंपनी त्याचं पहिलं गाणं काढायला तयार होती. अट एकच: दोनशे लोकांसमोर गायल्याचा व्हिडिओ पुढच्या सोमवारपर्यंत आणायचा. आजवर त्याला एका वेळी जास्तीत जास्त अकरा माणसांनी ऐकलं होतं, त्यातली चार घरची.

दोनशे माणसं माझ्याकडे होती. शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी अध्यक्ष काकूंना फोन केला.

"शिव्या आहेत का रे त्यात?"

"दोन होत्या. त्यानं काढल्या."

"मग चालेल. नाट्यगीतानंतर दहा मिनिटं. पण लोकांना अर्थ कळायला हवा हं, नाहीतर सगळे चहाला उठतात."

ही सूचना मी फार मनावर घेतली. तीन संध्याकाळी त्याच्याजवळ बसून गाण्याचा ओळीगणिक मराठी अनुवाद केला. 'मी थांबलो तरी माझ्या चाकांच्या तबकड्या फिरत राहतात' या ओळीला तळटीप दिली. साहेबांच्या परवानगीनं ऑफिसात दोनशे प्रती काढल्या, दोन-दोन पानांच्या, स्टेपल करून. हॉलच्या दारात उभं राहून त्या वाटल्या आणि प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "त्याच्या करिअरचा प्रश्न आहे, कृपया लक्ष देऊन ऐका."

लोकांनी माझा शब्द राखला.

"हात वर!" तो स्टेजवरून ओरडला. एकही हात वर झाला नाही, कारण अनुवादात ते नव्हतं. तो उड्या मारत होता आणि दोनशे माणसं मान खाली घालून वाचत होती. पहिलं कडवं संपलं आणि सगळ्या हॉलनं एकदम पान उलटलं. शेवटी टाळ्या झाल्या, बेताच्या. पहिल्या रांगेतले, भारतातून मुलाकडे आलेले एक निवृत्त शिक्षक काका पेन्सिल घेऊन उभे राहिले. "दुसऱ्या कडव्यातली आई रागावलेली आहे की दमलेली?"

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. तो स्टेजच्या कडेला येऊन बसला. "दोन्ही," म्हणाला.

काकांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे कुणी वारलंय का?" सगळा दोष माझा होता. दुसरा व्हिडिओ करायला वेळ नव्हता. तोच घेऊन तो सोमवारी गेला. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

संध्याकाळी तो धावतच जिना चढून आला. कंपनीच्या माणसानं पान उलटण्याची जागा चार वेळा मागे नेऊन पाहिली होती, मग शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून दाखवली होती. इतक्या वर्षांत रॅपला असं बसलेलं पब्लिक त्यानं पाहिलं नव्हतं. गाणं काढायचं ठरलं; पण दोन कडव्यांच्या मध्ये तो पानांचा आवाज हवाच.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही बारा जण स्टुडिओत गेलो. आपापली प्रत घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून. पहिल्या तिन्ही वेळा काकांनी पान आधीच उलटलं आणि रेकॉर्डिंग थांबलं.

"माझं वाचून होतं," काका म्हणाले.

रॅपर त्यांच्या खुर्चीपाशी येऊन गुडघ्यांवर बसला. "काका, प्लीज," 'काका' हा शब्द त्यानं आमच्याकडूनच उचलला होता, "माझ्या स्पीडनं वाचा."

"मग तू जरा भरभर म्हण की."

मी अनुवाद करून सांगितलं. चौथ्या वेळी तो खरंच भरभर म्हणाला, आणि तेच रेकॉर्डिंग ठेवलं.