फोडलेल्या बाथरूमची साक्षीदार

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. सानपाड्याच्या बाथरूमचा गुन्हा मात्र अजून जसाच्या तसा लक्षात आहे. खून नाही, दरोडा नाही. पण त्या घरात जे पाहिलं, त्याने मी आजही थक्क होतो.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात साठीचा एक माणूस ठाण्यात आला. साताऱ्याकडचा, वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून आयुष्य काढलेला. त्याच्या बायकोला आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाथरूम बदला. कमोड बसवा, धरायला दांड्या लावा, लाद्या न घसरणाऱ्या घ्या, उंबरठा काढून टाका.

तीन ठेकेदारांनी दोन लाखांच्या आसपास खर्च सांगितला. चौथा सव्वा लाखावर तयार झाला.

"मला वाटलं, देवच भेटला," तो म्हणाला. "निम्मं पैसं घेतलं, दोन दिसात समदं फोडलं. नळ काढला, संडासचं भांडं काढलं. मग माल आनतो म्हनून उरल्यालं पैसं घेऊन गेला, त्यो गेलाच. फोन बंद हाय."

"मग बाईंची सोय कशी करता?"

"खालच्या मजल्यावर शेजाऱ्याकडं नेतो. पाठीवर घेऊन. शंभर किलोच्या गोन्या वाहिल्यात साहेब, हिचं वजन काय न्हाय. पर आठ दिस झालं, धड पानीच पीत न्हाय ती. का पीत न्हाय, कळंना."

ठाणे अंमलदार मला हळूच म्हणाला, "साहेब, हा दिवाणी मामला आहे. कोर्टात जायला सांगा." अशा तक्रारींची बोळवण बहुतेक वेळा अशीच होते खरी. पण अशाच प्रकारची एक तक्रार ऐरोलीतूनही आल्याचं माझ्या कानावर होतं. मी गुन्हा दाखल करून घेतला आणि पंचनाम्याला निघालो. घरात आजारी बाई होती म्हणून एक महिला शिपाई सोबत घेतली. ती उरण तालुक्यातली, आगरी घरातली, चुणचुणीत मुलगी.

घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं. पलंग बाथरूमच्या दारासमोरच होता. आत विटा उघड्या पडल्या होत्या आणि भांड्याच्या जागी नुसता खड्डा होता. ठेकेदाराने सोसायटीच्या वहीत लिहिलेलं नाव खोटं निघालं, पत्ताही खोटा. हातात काहीच नव्हतं.

"तो शेवटचा कधी आला होता?" मी विचारलं.

"मंगळवारी," नवरा म्हणाला.

पलंगावर थाप पडली. बाईचा डावा हात होता. मी तिकडे पाहिलं.

"तसंच करती ती," नवरा म्हणाला. "तिला काय बी कळत न्हाय आता."

मी लिहून घेतलं, "मंगळवारी..." पुन्हा थाप पडली, या वेळी जोरात. आमच्या शिपाई मुलीने टोपी काढून पलंगाशी बसकण मारली. "साहेब, मावशी काहीतरी सांगतायत. मावशी, हो असेल तर एकदा हात मारा, नाही असेल तर दोनदा. तो मंगळवारी आला होता?"

दोन थापा.

"बुधवारी?"

एक थाप.

नवरा चपापला. "व्हय की! मंगळवारी मी बँकेत गेलो, पैसं बुधवारी दिलं."

तीस वर्षं हजारो माणसांची चौकशी केली मी, पण पुढच्या तासाभरासारखी चौकशी कधी केली नाही. तो इथे बसून फोनवर बोलायचा का? एक थाप. पुढच्या कामाबद्दल? एक थाप. ते काम ऐरोलीला? नाही. नेरूळला, पनवेलला? नाही. उरणकडे म्हटल्यावर हात पटकन पडला. मग ती मुलगी आपल्या तालुक्यातली गावं एकेक करून म्हणू लागली. "चिरनेर? करंजा? दिघोडे? जासई?"

थाप.

बाईच्या कपाळावर घाम जमला होता. मी म्हटलं, राहू दे, दमल्या त्या. तर तिने दोन थापा मारल्या आणि हात उचलून भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. मला कळेना. मुलीने विचारलं, "मावशी, त्याचं खरं नाव या देवाचं आहे?" एक थाप. फोनवर तो स्वतःचं तेच नाव सांगत होता. इथे मी ते लिहीत नाही.

निघताना मुलीने हळूच विचारलं, "मावशी, पाणी का पीत नाही? काकांना पाठीवर न्यावं लागतं म्हणून?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग एकदाच, अगदी हलकेच, तिने पलंगावर हात ठेवला. ज्याने आयुष्यभर गोण्या उचलल्या तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला. "आठ म्हयने," एवढंच म्हणाला. "आठ म्हयने मी हिच्याशी बोललोच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जासईला गेलो. तिथे कंटेनर यार्डाजवळ ड्रायव्हर लोकांसाठी खोल्या बांधल्या जात होत्या. संडास-बाथरूमच्या कामावर हा गडी लाद्यांच्या खोक्यांवर बसून चहा पीत होता. तसबिरीतल्या देवाच्या नावाने हाक मारली, तर मान वळवली त्याने.

ठाण्यात आणल्यावर मात्र साफ नाकबूल गेला. "साहेब, मी सोमवारीच गावी गेलो. आई आजारी होती. पैसे घेतलेच नाहीत."

"बुधवारी सानपाड्याच्या घरात बसून जासईच्या कामाचं ठरवलंस, ते?"

"कोण म्हणतं? फोनवर बोललो तेव्हा घरात कोणीच नव्हतं!"

बोलून गेला, आणि थांबला. कोठडीत गप्प बसणं हे आमचं जुनं हत्यार.

"म्हणजे... ती बाई होती," तो म्हणाला. "पण ती तर..." चेहरा पांढरा पडला त्याचा.

मग सगळं बाहेर आलं. खर्च मुद्दाम कमी सांगायचा. आधी तोडफोड उरकायची. बाथरूम फुटलेल्या घराला घासाघीस करायला, थांबायला वेळ नसतो, म्हणून दुसरा हप्ता लगेच मिळतो. मग पसार. ऐरोलीचं प्रकरणही त्याचंच होतं. घरातली म्हातारी-आजारी माणसं त्याला सोयीची वाटायची, कारण अशा घरांना घाई जास्त असते.

पैसे सगळे मिळाले नाहीत, तसे ते कधीच मिळत नाहीत. जे हाती लागले ते कोर्टाच्या हुकमाने परत केले. उरलेलं काम नवऱ्याने दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं, तेही खऱ्या खर्चात.

एका सहीसाठी मी तिथे गेलो तेव्हा कारागीर लाद्यांचे नमुने घेऊन उभा होता. "कुठली लावू काका?"

नवरा म्हणाला, "मला काय विचारतोस? तिला दाव."

नवऱ्यानेच त्यातल्या दोन लाद्या उचलून तिच्यासमोर धरल्या. बाईने दोन्ही पाहिल्या आणि तोंड फिरवलं. तो जिना उतरून खाली ठेवलेल्या नमुन्यांतल्या आणखी दोन घेऊन आला. पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्या खेपेला धापा टाकत वर आला, तेव्हा ती त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होती. लादी तिने पहिल्या दोनांतलीच निवडली.

गुन्हेगाराला बोलतं करायला आम्हाला शिकवतात. जो बोलू शकत नाही त्याचं ऐकायला मला त्या बाईने शिकवलं. निवृत्त होईपर्यंत ज्या ज्या घरात पंचनाम्याला गेलो, तिथे कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं, तर आधी त्याच्याजवळ बसलो आणि त्याला नमस्कार केला. कामाचे कागद त्यानंतर.